फोमचं रिमोट विमान: काट्यावर तोलून बनवा, सुगीनंतर उडवा

शीट विकत घेण्याआधी तिचा १० सेंमी बाय १० सेंमीचा एक तुकडा मिळवा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. ५ मिमी जाडीचा तुकडा २ ग्रॅमच्या आसपास भरला, तर ती शीट विमानाच्या कामाची. कागद लावलेला फोमबोर्ड ५-६ ग्रॅम भरतो. त्याचा आतल्या बाजूचा कागद सोलून काढला तर चालवून घेता येतो. फ्लेक्सच्या दुकानातला सनबोर्ड त्याच मापाला २० ग्रॅमच्या पुढे जातो. तो पाटीसाठी उत्तम आहे, पंखासाठी नाही.

हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण माझं पहिलं विमान सनबोर्डचं होतं. दिसायला देखणं, हाताला मजबूत, वजन ७०० ग्रॅमच्या वर. ते उडालंही, पण इतक्या वेगात की विचार करायला वेळच मिळाला नाही. दुसऱ्या वळणावर नाक जमिनीत रुतलं आणि मोटरचा शाफ्ट वाकला. मजबूत केलेलं विमान पडल्यावर टिकेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उलटं असतं. त्याच पंखावर वजन दुप्पट केलं की हवेत तरंगण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे १.४ पट होतो आणि त्या वेगाने आपटताना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट. हलकं विमान हळू उडतं, म्हणून ते शिकता येतं. आणि हळू आपटतं, म्हणून ते वाचतं.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर आहे. इथली हवा किनारपट्टीपेक्षा सात-आठ टक्क्यांनी विरळ असते. त्यामुळे पंखाला उचल थोडी कमी मिळते आणि तेवढ्याच फेऱ्यांवर प्रॉपेलरची ओढही (विमानाला पुढे खेचणारी ताकद) कमी पडते. गोव्याच्या किनाऱ्यावर जेमतेम उडणारं विमान इथे अडखळतं. विमानाच्या आराखड्यात कोणी १०० ग्रॅम जास्तीची सूट दिली असेल, तर ती आपल्याकडे घेऊ नये.

काय बनवायचं

पहिलं विमान धडाच्या वर पंख असलेलं आणि तीन चॅनलचं, म्हणजे रिमोटवरून तीन गोष्टी चालवता येतील असं करा: थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी, नाक वर-खाली करणारी), रडर (उभ्या शेपटीची, डावी-उजवीकडे वळवणारी). एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, नकोत. पंखाची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा वर राहतील असा कोन दिला की विमान आपोआप सरळ होऊ पाहतं, आणि नवशिक्याला तेच हवं असतं. लढाऊ विमानांच्या प्रतिकृती छान दिसतात, पण त्या दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

मापं अशी धरा. पंखाची लांबी १०० सेंमी, रुंदी १८ सेंमी. धड ७५ सेंमी लांब, पुढच्या भागात ६ सेंमी रुंद आणि ७ सेंमी उंच, मागे निमुळतं होत गेलेलं. आडवी शेपूट ३६ बाय ११ सेंमी, उभी शेपूट साधारण १६० चौरस सेंमी. पंखाच्या पुढच्या कडेपासून नाक १६ ते १८ सेंमी पुढे काढा. सगळं जोडून, बॅटरीसकट, वजन ३०० ग्रॅमच्या आत बसवायचं. तेवढ्यावर हे विमान ताशी २०-२१ किलोमीटर वेगातही हवेत राहतं, म्हणजे सायकल जोरात मारली तर सोबत जाता येईल इतक्या वेगात.

३०० ग्रॅमचा हिशेब कागदावर मांडून भिंतीला लावा. फोम १०० ग्रॅम. बांबू, प्लाय, गोंद, टेप मिळून ५० ग्रॅम. मोटर २०-२५ ग्रॅम. १८०६ मापाची, सुमारे २३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) ब्रशलेस मोटर ६×३ इंची प्रॉपेलरवर आणि दोन सेलच्या बॅटरीवर पुरते. मोटरचा वेग सांभाळणारी १० ते १२ अँपिअरची ईएससी १० ग्रॅम. ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, म्हणजे शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी. रिसीव्हर ७-८ ग्रॅम. दोन सेलची ८०० किंवा ८५० एमएएच लिपो बॅटरी ५० ग्रॅम. वायरी, हॉर्न (हलत्या पट्टीला लावायचा छोटा खुंट), पुशरॉड (सर्व्होपासून त्या खुंटापर्यंतची काडी), रबरबँड २०-२५ ग्रॅम. २२१२ मोटर आणि २२०० एमएएच तीन सेलची बॅटरी असा संच बऱ्याच ठिकाणी ‘बिगिनर’ म्हणून मिळतो. ती एक बॅटरीच १७०-१८० ग्रॅमची असते. या विमानात तो संच घालू नका.

इलेक्ट्रॉनिक्स पुण्याहून किंवा बेंगळुरूहून कुरिअरने येतं. फोमची शीट मागवताना मात्र अर्ध्यात कापून पाठवायला सांगा, नाहीतर वाटेत तिचा कोपरा दुमडतोच. फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगमधला थर्माकोल फुकट मिळतो आणि वजनाला हलकाही असतो. पण त्याचे दाणे सुटतात आणि सरळ पातळ पत्रा कापायला निक्रोमची गरम तार लागते. पहिल्या विमानाला शीटच बरी.

पंख

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. धड थोडं वाकडं झालं तरी विमान उडतं. पंख पिळलेला असेल तर ते एका बाजूला ओढतच राहतं आणि तुम्ही ट्रिम (रिमोटवरून बारीक दुरुस्ती) देऊन देऊन थकता.

कटरला नवी पात घाला. पात जुनी झाली की फोम कापला जात नाही, फाटतो. स्टीलची पट्टी दाबून धरा आणि एका झटक्यात आरपार न कापता तीन हलक्या फेऱ्यांत कापा. ५० बाय १८ सेंमीचे दोन तुकडे हे पंखाचे दोन भाग. त्यांच्यावर, पुढच्या अर्ध्या भागावर, ९ सेंमी रुंदीची दुसरी पट्टी चिकटवायची. म्हणजे पंखाचा पुढचा अर्धा भाग दुहेरी आणि मागचा अर्धा एकेरी, मध्ये एक पायरी. याला क्लाइन-फोगलमन पद्धत म्हणतात. गोलाईदार पंख करण्याची मेहनत वाचते, पंख कडक होतो, आणि कमी वेगात विमान एकदम कोसळण्याऐवजी नाक हलवत इशारा देतं. पुढची कड सँडपेपरने गोल करा.

दोन थरांच्या मध्ये बांबू जातो. बुरुडाकडून ८ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड अशी सरळ धाग्याची, गाठ नसलेली पट्टी तासून घ्या. मीटरभर पट्टीचं वजन पंधरा-सतरा ग्रॅम होतं. कार्बनची नळीही चालते, पण बांबू आपल्या हाताशी आहे आणि तुटताना आधी करकरतो. पुढच्या कडेपासून साडेपाच सेंमीवर खालच्या थरात खाच करा, पट्टी बसवा, वरून दुसरा थर चिकटवा. पट्टी मधोमध कापून, कोन देताना तिथे २ मिमी प्लायचा ‘व्ही’ आकाराचा छोटा तुकडा दोन्ही बाजूंना जोडायचा.

कोन देण्याची सोपी रीत: एक पंख टेबलावर सपाट दाबून ठेवा, दुसऱ्याचं टोक बरोबर १० सेंमी उचलून खाली पुस्तकं लावा. म्हणजे जोडल्यावर प्रत्येक टोक ५ सेंमी वर राहतं. सांध्यात फोमच्या कडा त्या कोनाला घासून घ्या, मग चिकटवा, आणि रात्रभर हात लावू नका.

गोंदाबद्दल एक सूचना. फेविक्विक आणि रबरी सोल्यूशन पॉलिस्टायरिन फोम खातात, म्हणजे अक्षरशः खड्डा पाडतात. कुठलाही गोंद आधी चिंधी तुकड्यावर लावून बघा. थरांसाठी पांढरा फेविकॉल पातळ पसरून, वर वजन ठेवून एक दिवस. मोटरच्या प्लायसाठी अराल्डाइट. ग्लू गन झटपट काम करते म्हणून हात सैल सुटतो. तिची एक अख्खी कांडी संपली तर तुम्ही १० ग्रॅमच्या आसपास वजन चढवलं. रंग द्यायचा तर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक, तोही एकच थर. स्प्रेने फोम वितळतो. मी फक्त पंखाच्या खालच्या बाजूला काळ्या टेपचे दोन पट्टे मारतो. वर-खाली ओळखायला तेवढे पुरतात.

धड, शेपूट, जोडणी

धड म्हणजे चार भिंतींची पेटी. दोन बाजू एकावर एक ठेवून एकाच वेळी कापा, म्हणजे त्या सारख्या होतील. नाकाला ६ बाय ७ सेंमीची ३ मिमी प्लाय. मोटर बसवताना तिचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे आणि तेवढंच खाली ठेवा. वरच्या दोन स्क्रूंखाली आणि डाव्या बाजूला पातळ वॉशर सरकवले की ते जमतं. असं न केल्यास थ्रॉटल वाढवताच विमान डावीकडे वळून नाक वर काढतं.

पंख धडाला चिकटवू नका. धडातून आडव्या दोन बांबूच्या काड्या घाला, एक पंखापुढे, एक मागे, आणि रबरबँडने पंख बांधा. आपटल्यावर रबर निसटतो आणि पंख वाचतो.

शेपटीच्या हलत्या भागांची कड ४५ अंशांत तिरकी कापून पारदर्शक टेपची बिजागरी करा. सर्व्हो पंखाच्या खालीच बसवा, शेपटीत नाही; शेपटीतला १ ग्रॅम नाकात दोन-तीन ग्रॅम मागतो. पुशरॉडला लांब बांबूची काडी आणि टोकांना १ मिमी तार. सायकलचा स्पोक बरेच जण वापरतात, तो जड होतो. एलिव्हेटर वर-खाली १०-१२ मिमी, रडर दोन्हीकडे २०-२५ मिमी हलू द्या आणि ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे हातातल्या रिमोटमध्ये, ३० टक्के एक्स्पो ठेवा; त्याने स्टिक मधल्या भागात सौम्य चालते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे माझे दोघे मित्र या टप्प्यात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहेत. मायक्रॉनचा हिशेब ठेवणाऱ्या हाताला मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. अशा हाताचं माणूस जवळ असेल तर मोटरची प्लाय त्याच्याकडूनच बसवून घ्या.

तोल

पंखाच्या खाली पुढच्या कडेपासून ४.५ आणि ५ सेंमीवर पेनने खुणा करा. बॅटरी जागेवर ठेवून, त्या खुणांच्या मध्ये दोन बोटांच्या टोकांवर विमान उचला. ते सपाट किंवा किंचित नाक खाली करून राहिलं पाहिजे. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. नाकात शिसं घालण्याची वेळ आली, तर शेपूट जड झाली आहे; तिथलाच गोंद आणि टेप कमी करा. नाक जड असलेलं विमान खराब उडतं, शेपूट जड असलेलं एकदाच उडतं.

ओढ मोजायला घरचा काटाच पुरे. विमान शेपटीवर उभं करून काट्यावर धरा, सोबत्याने ते फक्त तोल जाऊ नये एवढं सांभाळायचं, प्रॉपेलरपासून चेहरा आणि हात लांब ठेवून. पूर्ण थ्रॉटलला आकडा ३०० वरून १०० वर आला, तर ओढ २०० ग्रॅम. या विमानाला वजनाच्या दोन-तृतीयांश ओढ पुरते. बाकी सगळी कामं टेबलावर करताना प्रॉपेलर काढूनच ठेवा.

बॅटरी पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट. ८५० एमएएचला ०.८५ अँपिअरनेच चार्ज करा, बॅलन्स लीड (दोन्ही सेल सारखे भरायला लागणारी छोटी वायर) लावून, आणि समोर बसून. उडवताना प्रत्येक सेल ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. घड्याळात सहा मिनिटांचा गजर लावा. दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून, वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत बॅटरी कधीच नको. गावात करंट जातो तेव्हा १२ व्होल्टवर चालणारा चार्जर गाडीच्या बॅटरीवर लावता येतो, म्हणून तसाच घ्या.

कुठे आणि कधी

हौशी विमानालाही ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. सांबऱ्याला विमानतळ आहे आणि हवाई दलाचं केंद्रही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच यलो झोन, तिथे परवानगीशिवाय उडवायचं नाही. त्याच्या आतला भाग तर डोक्यातूनच काढून टाका. ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर उंचीपर्यंत आणि त्यापुढच्या ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत मुभा. बेळगाव शहराचा बराचसा भाग १२ किलोमीटरच्या आतच येतो. शिवाय कॅम्प (लष्करी छावणी) आणि मराठा लाइट इन्फंट्रीचा परिसर, हिंडलग्याचं कारागृह यांच्या आसपासही जाऊ नका. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा ड्रोनच्या झोनचा नकाशा निघण्याआधी उघडून बघायचा, दर वेळी. उचगावच्या पुढे किंवा खानापूरच्या बाजूला मोकळी रानं मिळतात. निपाणी-चिक्कोडीकडे माळही आहेत.

सुगी झाली, भात कापून मळणी उरकली की रानं मोकळी होतात. रान कुणाचं आहे ते विचारल्याशिवाय पाय ठेवू नका. पुढचं पीक पेरलेलं असलं तर दुरून दिसत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका मामांनी लांबून हाक मारली, “काय गा, औषध मारायचा ड्रोन काय हे?” विमान हातात दिलं तर दोन बोटांवर झेललं आणि म्हणाले, “ह्यात काहीच नाही की!” त्या दिवसापासून त्यांचा बांध आमची धावपट्टी आहे. रानमालक कन्नड बोलणारे असले तरी अडत नाही. ‘विमान’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि वाऱ्याला ‘गाळी’ म्हणतात एवढं आलं तर पुढचं बोलणं आपसूक होतं.

बघायच्या गोष्टी तीन: पंपसेटच्या विजेच्या तारा, घारी, आणि ऊस. वाऱ्याच्या दिशेला उसाचा फड असेल ते रान सोडून द्या.

वेळ सकाळी सात ते नऊ. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धुकं विरेपर्यंत थांबा. ट्रान्समीटरच्या अँटेनाला लोकरीचा धागा बांधा. तो लोंबत असावा किंवा हळू हलावा. झाडाची पानं आणि बारीक फांद्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ किलोमीटरच्या पुढे आहे, परत चला. एप्रिलच्या दुपारी तापून वर उठणाऱ्या हवेचे झोत हलक्या विमानाला नकळत वर ओढून नेतात, आणि वळवाचा पहिला गडगडाट झाला की पाऊस येण्याआधी वाऱ्याचा झोत येतो. पावसाळ्यात घरी बसून मोफत मिळणाऱ्या पिकासिमसारख्या सिम्युलेटरवर हात बसवा. दहा तास तिथे काढलेल्याचं पहिलं विमान सहसा वाचतं.

पहिलं उड्डाण

थ्रॉटल खाली, आधी ट्रान्समीटर सुरू, मग बॅटरी. विमानाच्या मागे उभं राहून तपासा: स्टिक उजवीकडे तर रडर उजवीकडे, स्टिक ओढली तर एलिव्हेटर वर. उलट्या रडरने किती विमानं गेली याची गणती नाही. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का बघा. थांबत नसेल तर फेलसेफ (सिग्नल तुटताच मोटर बंद करणारी सोय) लावल्याशिवाय उडवू नका. सोबत्याला विमान घट्ट धरायला सांगून शंभर पावलं लांब जा आणि रडर हलवून बघा.

आधी मोटरशिवाय. गुडघाभर गवतावर किंवा पसरलेल्या पिंजरावर (भाताच्या पेंढ्यावर), वाऱ्याच्या तोंडाला, खांद्यावरून सरळ पुढे ढकला. भाला फेकतो तसं नाही. होडी पाण्यात लोटतो तसं. दहा-पंधरा पावलं सरळ तरंगत गेलं की झालं. नाक वर करून पडलं तर बॅटरी थोडी पुढे, नाक खुपसलं तर थोडी मागे.

मग थ्रॉटल दोन-तृतीयांश, सोबत्याने सपाट ढकलायचं, तुमचे दोन्ही अंगठे स्टिकवर. पहिले पाच सेकंद फक्त पंख सपाट ठेवा. एलिव्हेटर ओढून लवकर चढवायचा मोह होतो. त्यानेच विमान थबकतं आणि पडतं. थबकलंच तर स्टिक सोडा, नाक खाली जाऊ द्या, वेग आला की हळूच उचला. तीन झाडांच्या उंचीवर गेल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि ट्रिम द्या.

विमान तुमच्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, आणि पहिली दहा उड्डाणं इथेच गडबड होते. जो पंख खाली झुकला आहे, त्या बाजूला स्टिक ढकला, जणू त्याला टेकू देताय. विचार न करता एवढं जमलं की बाकी सोपं आहे. उतरताना वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल बंद, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर अगदी थोडा एलिव्हेटर.

उसात गेलंच, तर पाय हलवू नका. जिथे दिसेनासं झालं तिकडे बोट धरून मागचं एखादं झाड खुणेला घ्या. थ्रॉटल शून्यावर ठेवून ट्रान्समीटर सोबत्याकडे द्या, त्याला तिथेच उभं करा, आणि फोनवर त्याच्या सांगण्याने सरळ रेषेत आत शिरा. त्याने रडर हलवत राहायचं. सर्व्होची किरकिर चार-पाच सरींवरून ऐकू येते. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट हवेत. उसाची पात कापते आणि फडात घोणस असते, त्यामुळे काठी आपटत चला. विमानावर फोन नंबर लिहिलेला असेल तर तोडणीच्या वेळी तरी ते परत येतं. माझं एक फेब्रुवारीत असंच आलं, पंख उंदरांनी कुरतडलेला, मोटर शाबूत.

पिशवीत टेप, दोन जास्तीचे प्रॉपेलर, रबरबँड आणि फेविकॉल ठेवा. तडकलेला फोम तिथेच टेपने जोडून पुन्हा उडवता येतो. मात्र दर चार-पाच दुरुस्त्यांनंतर विमान काट्यावर ठेवा. टेपवर टेप चढत ते ३४० ग्रॅमच्या पुढे गेलं, की जुना पंख मापाला ठेवून नवा कापायला घ्या.